नऊ, दहा वेळा

या जगात काहीही पुसलं जात नाही. जे झालं ते कुठेतरी लिहिलेलं राहतं, आणि ज्याने केलं त्याचं नाव, वेळ आणि जागा त्याच्यापुढे कायमची चिकटलेली असते. निदान आमच्या रुग्णालयापुरतं हे गेली नऊ वर्षं खरं आहे. त्याआधी डिस्क लहान होती.

लिहिण्याचं काम यंत्र करतं आणि वाचण्याचं मी. रुग्णाच्या नोंदीत कोणीही, कुठल्याही मजल्यावरून, साधा स्वल्पविराम जरी हलवला तरी तळघरातल्या यंत्रात एक ओळ पडते: कोणी बदललं, केव्हा, कुठल्या खिडकीवरून, कुठला रकाना, आधी काय होतं, नंतर काय झालं, आणि कारण. याला ऑडिट लॉग म्हणतात. पहिली चार वर्षं या ओळी नुसत्या पडत होत्या, वाचत कोणी नव्हतं. घरात धूळ पडते तशा. मग कोणीतरी चाळीस रुग्णांची वयं परस्पर बदलल्याचं निघालं, समिती बसली, समितीला असं आढळलं की सगळं लिहिलेलं आहे पण वाचलेलं नाही, आणि मी तळघरात बसतोच आहे तर मीच वाचावं असं ठरलं. तेव्हापासून रोज सकाळी आदल्या दिवसाच्या चार-पाच हजार ओळी मी चाळतो. बहुतेक निरुपद्रवी असतात. वजन बासष्टचं एकसष्ट. पत्ता बदलला. रक्तदाब, पुन्हा रक्तदाब. वय वाढलेलं दिसलं तर मी पुढे जातो, कमी झालेलं दिसलं तर खिडकीवर फोन करतो. वरच्या मजल्यांवर मला पाळतराव म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही; पण एकदा माझा रक्तदाब तपासताना एका नर्सने नावाच्या रकान्यात तेच भरलं होतं आणि नऊ सेकंदांनी दुरुस्त केलं होतं. त्यामुळे मला कळलं.

आज सकाळी दहाला काही मिनिटं कमी असताना एका ओळीत मला माझाच फोन नंबर दिसला.

पहिल्यांदा तो ओळखीचा वाटला, एवढंच. रस्त्यात कोणी भेटावं, चेहरा माहितीतला असावा आणि नाव आठवू नये, तसं काहीसं. मग कळलं की हा आपणच आहोत. ओळ अशी होती: काल, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, खिडकी चार. रकाना, तातडीचा संपर्क. आधी, नऊ, दहा वेळा. नंतर, माझा नंबर. कारण, दुरुस्ती. नोंद क्रमांक सात. आणि सात नंबरची नोंद माझ्या बायकोची आहे. काल ती शाळेत होती; निदान संध्याकाळी जेवताना तिने सातवीच्या मुलांना अपूर्णांक कसे कळत नाहीत याबद्दल बरंच सांगितलं होतं, आणि मी मान हलवली होती. अपूर्णांक मलाही फारसे कळलेले नाहीत. म्हणजे काल दुपारी ती माझ्या डोक्यावर दोन मजले उभी होती, रांगेत, हातात पर्स धरून, आणि नंतर जिना उतरून निघून गेली. तळघराचं दार त्याच जिन्याला लागून आहे. मला आधी काळजी वाटली, की ती का आली असेल, काय झालंय तिला. आजार माझ्या रकान्यांत येत नाही, मला फक्त बदल दिसतात. काळजी हा या प्रसंगी शोभणारा भाव होता, म्हणून मी तो काही वेळ धरून ठेवला. पण डोळे आधीच्या रकान्यावरून हलेनात. इंग्रजी नऊ हा आकडा मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसासारखा दिसतो. अशी दहा माणसं एका ओळीत उभी होती. एसीचा वारा मानेवर नेहमीच्या जागी लागत होता आणि नेहमीपेक्षा जास्त लागत होता.

ते नऊ मीच भरले होते. याला आठवणीची गरज नव्हती, लॉगमध्ये होतंच, सगळ्यात पहिल्या पानावर, माझ्या नावापुढे. पण आठवलंही, आणि तेही किती तपशिलात. नवी यंत्रणा बसवली त्या दिवशी रंगाचा वास होता, खुर्च्यांवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. यंत्रणा चालू करण्याआधी चार-सहा खोटे रुग्ण भरून बघायचे असतात, आणि आमच्या धंद्यात खोटी माणसं भरताना सगळे आपल्या घरातलीच भरतात, कारण कल्पनाशक्ती लागत नाही. मी वडिलांना भरलं, जे वारले होते. आईला भरलं, भावाला, दोन काकांना, एका मामाला, ज्याचं वजन मी चारशे किलो टाकलं, कारण यंत्र ते घेतं का हे बघायचं होतं. घेतलं. सातवी बायको. संपर्काचं नाव, पती. नंबर विचारला तेव्हा बोट नऊवर होतं, ते तसंच दाबून धरलं. सगळेच तसं करतात. कोणी एक-दोन-तीन-चार करतो, तो शिस्तीचा माणूस. यंत्रणा चालू व्हायच्या आदल्या दिवशी खोटे रुग्ण पुसले गेले, मामा चारशे किलोंसकट गेला. बायको तेवढी राहिली, कारण त्या आठवड्यात तिला खरोखरच खोकला झाला, ती खरोखरच आली आणि तिचं कार्ड त्याच नोंदीवर निघालं. संध्याकाळी मी तिला म्हणालो, तू आमच्याकडची खऱ्या रुग्णांतली पहिली. ती म्हणाली, बक्षीस काय आहे? नंबर उद्या बदलू, असं तेव्हा मनात आलं होतं. उद्या म्हणजे अशी एक जागा आहे की तिथे सगळे नंबर बदललेले असतात.

इथवर मी स्वतःशी हसू शकत होतो. माणूस चाळिशी उलटली की आपल्या जुन्या आळशीपणाकडे भाच्याच्या खोड्यांकडे बघावं तसं बघतो. मग लक्षात आलं, की नऊ वर्षांपूर्वीपासून कालपर्यंत तो नंबर तिथेच होता, याचा अर्थ सहा वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारीही तो तिथेच होता. त्या मंगळवारी तिला सातवा महिना होता. नव्या शाळेत लागून दोन महिने झाले होते, तिथे कोणाला तिच्याबद्दल फारसं माहीत नव्हतं, नवरा संगणकात आहे एवढंच ती सगळीकडे सांगायची. ती फळ्यासमोर कोसळली. शाळेच्या शिपायाने आणि एका बाईंनी तिला रिक्षातून आणलं, ती शुद्धीत नव्हती, पर्समध्ये आमच्याच रुग्णालयाचं कार्ड होतं, नंबर सात. फोन शाळेतच टेबलावर राहिला होता. शाळेने ताईला कळवलं, तिच्या मोठ्या बहिणीला, कारण शाळेच्या कागदावर तिचा नंबर होता; ताई दुसऱ्या गावाहून निघाली, मी तर तिथेच असणार हे धरून. आणि मी खाली होतो. आम्ही तळघरात शिरताना फोन दाराबाहेरच्या निळ्या ट्रेमध्ये ठेवतो, तसा नियम आहे. साडेपाचला बाहेर आलो, फोन उचलला आणि हातातच तो वाजला. ताई होती. आहेस कुठे तू, म्हणाली. मी म्हटलं, खाली. खाली म्हणजे? खाली म्हणजे इथेच. ती म्हणाली, तिसऱ्या मजल्यावर ये. तिसऱ्या मजल्यावर एक तरुण डॉक्टर होता, त्याने माझ्या दंडाला हात लावला आणि मुलगी होती, वाचली नाही, असं सांगितलं. माझ्या शर्टाला ओळखपत्र लटकत होतं, त्यावर त्याच रुग्णालयाचं चिन्ह होतं, आणि तो एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या चिन्हाकडे बघत होता.

बायकोने शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता. फोन कुठे होता? मी म्हणालो, ट्रेमध्ये. तिथे रेंज नसते. फोनवर एकही मिस्ड कॉल नव्हता, हे मी पाहिलं होतं. ताईचा फोन ट्रेपाशीच वाजला, म्हणजे रेंज होती, हेही मला तेव्हाच दिसत होतं. पण रेंज येते-जाते अशी तिची ख्याती आहे आणि मी तिच्या ख्यातीचा फायदा घेतला. बायको बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्याचा अर्थ मी दुःख असा लावला. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर सहा वर्षं तिने तो विषय काढला नाही आणि मी ते तिच्या समजूतदारपणाच्या खाती जमा केलं. चारचौघांत मी तिचं कौतुकही केलं आहे. ती बोलून दाखवत नाही हो, मी म्हणायचो. कोणाच्या संसारात भांडणं चालली असली की मला आतून जरा बरं वाटायचं.

पाच वर्षं मी लॉग वाचतोय. जुन्या ओळी काढून बघणं माझ्या कामातच बसतं, मी कितीतरी लोकांचे कितीतरी दिवस उघडले आहेत. तो मंगळवार उघडला नाही. घरच्यांच्या नोंदी बघू नयेत असा एक नियम आहे, तो मी स्वतःला सांगत आलो; तो नियम नोंदींना आहे, लॉगला नाही, हेही मला माहीत होतं. आज दहा वाजून दहा मिनिटांनी उघडला. तारीख टाकली, नोंद क्रमांक सात टाकला. अकरा ओळी होत्या. दोन वाजून दहा मिनिटं, संपर्क केला, उत्तर नाही. दोन सोळा, संपर्क केला, उत्तर नाही. दोन एकतीस, संपर्क केला, उत्तर नाही. वर कोणीतरी तीन वेळा नऊ-नऊ-नऊ फिरवलं होतं, दहाही वेळा, आणि कानाला लावून उभं राहिलं होतं, आणि त्याच वेळी मी खाली, मला वाटतं, दुपारचा चहा घेत होतो. मग तीन वाजून पाच मिनिटं, रकाना, अपत्ये. आधी शून्य, नंतर एक. तीन बावन्न, रकाना, अपत्ये. आधी एक, नंतर शून्य. दोन्ही ओळी एकाच नर्सच्या.

मी वजाबाकी केली. सत्तेचाळीस मिनिटं. मी ती पुन्हा केली, कारण पाचातून बावन्न असा घोळ माझा होतो. सत्तेचाळीसच आली. वाचली नाही, असं त्या डॉक्टरने म्हटलं होतं, आणि मी त्याचा अर्थ जन्मलीच नाही असा घेतला होता. सहा वर्षं मी न जन्मलेल्या मुलीचं दुःख केलं, आणि ते तुलनेने सोपं असतं, त्याला चेहरा नसतो, आवाज नसतो, ते घडी घालून ठेवता येतं. इथे मात्र सत्तेचाळीस मिनिटं यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे मी बाप होतो. तीन पाच ते तीन बावन्न. त्या वेळात मी काय केलं हेही लॉगमध्ये असणार, आणि आहे. त्या दुपारी मी कोणाकोणाला पासवर्ड बदलून दिले. आठ जणांना. दुसऱ्या ओळीच्या शेवटी कारणाचा रकाना होता. कारणांची यादी मीच केलेली आहे, चार आहेत: नवीन नोंद, बदल, दुरुस्ती, इतर. यंत्रणा बसवताना मला विचारलं होतं की चार पुरतील का, आणि मी म्हणालो होतो, चारांत सगळं बसतं. एकाचं शून्य करताना त्या नर्सने यादी उघडली असेल, वरून खाली वाचली असेल, काही बसत नाही असं दिसलं असेल. तिने दुरुस्ती निवडलं होतं.

मी ती ओळ बंद केली आणि आजच्या, म्हणजे कालच्या, बाकीच्या ओळी वाचल्या. चार हजार दोनशे होत्या. एकाच्या पत्त्यात पिनकोड चुकला होता, तो मी टिपून ठेवला. असं का केलं हे मला सांगता येणार नाही. हात करत होते. मात्र मधूनमधून एक विचार दात दुखावा तसा ठणकत होता, की काल खिडकीवर तिला तो नंबर दिसला. म्हणजे आता तिला कळलं. सहा वर्षं ती रेंजला दोष देत होती, किंवा नशिबाला, आणि काल अकरा बेचाळीसला तिला कळलं की दोष द्यायला माणूस उपलब्ध होता आणि तो रोज तिच्या शेजारी झोपत होता. तरी संध्याकाळी ती अपूर्णांकांबद्दल बोलली. तरी तिने माझाच नंबर दिला. यात एक बारीक उजेड मला दिसायला लागला. कळून-सवरून माझा नंबर, म्हणजे माफी, दुसरं काय. ती बोलून दाखवत नाहीच. माणूस किती लवकर स्वतःच्या बाजूने साक्षीदार उभे करतो, हे समितीत बसून मी पुष्कळ पाहिलं आहे.

जेवणाच्या सुट्टीआधी मी वर गेलो. चार नंबरच्या खिडकीवरच्या बाई मला बघून उभ्याच राहिल्या. काय पाळ— काय सर, म्हणाल्या, आमचं काही चुकलं का? मी म्हटलं, नाही, नेहमीची तपासणी, कालची अमुक एक ओळ. दिवसाला दोनशे माणसं बघणाऱ्या बाईला एक माणूस आठवण्याचं कारण नव्हतं, पण नऊ आठवत होते. म्हणाल्या, “मी म्हटलं त्यांना, अहो, हे काय, सगळे नऊच? कोणी भरलंय हे? तर त्या म्हणाल्या, असू दे, आमच्या घरचंच काम आहे ते.” मग त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, काही लफडं आहे का हो त्या बाईंचं? मी नाही म्हणालो. चिडल्या होत्या का त्या, असं मी विचारलं, आणि हा प्रश्न कुठल्या तपासणीत बसतो हे त्यांना कळेना. चिडल्या कशाला असतील, म्हणाल्या, हसत होत्या जरा. मी जिना उतरलो. असू दे, हा शब्द मी पायरी-पायरीला उलटून बघत होतो. ज्याला आत्ताच काही कळलंय तो असू दे म्हणत नाही. असू दे म्हणायला ती गोष्ट वापरून गुळगुळीत झालेली असावी लागते.

घरी पोचलो तेव्हा ती ओट्यापाशी टोमॅटो कापत होती. खिडकीतून समोरच्या इमारतीचं ऊन आमच्या भिंतीवर उतरून आलेलं, दुसऱ्याकडून घेतलेलं, फिकं. मी बूट काढले, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि सांगितलं. नऊ मी भरले, चाचणीसाठी, नंतर बदलायचे राहिले. त्या दिवशी त्यांनी तीन वेळा फोन केला तो त्याच नंबरवर. रेंजचं काही नव्हतं. मी वाक्यं बसमध्ये जुळवून ठेवली होती, ती क्रमाने आली. मला माफ कर, हे शेवटी येणार होतं.

“मला माहितीये,” ती म्हणाली. सुरी थांबली नाही. “दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं नर्सने. म्हणाली, बाई, तुमच्या कार्डावर कोणी असले नंबर घातलेत.”

म्हणजे फोन कुठे होता, असं तिने विचारलं, तेव्हा तिला माहीत होतं. मी रेंजचं सांगत होतो तेव्हा ती बघत होती ते मी कुठवर सांगतो ते. मग बोलली का नाहीस, मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला तक्रारीसारखा ऐकू आला.

“पहिल्यांदा वाटलं, तूच सांगशील. मग लक्षात आलं, तुला ठाऊकच नाहीये. मग तुला ते वाचायचं काम दिलं. म्हटलं, चला, आता वाचेल.” तिने टोमॅटो भांड्यात ओतले. “रोज घरी यायचास, मी बघायचे, आज वाचलं का. पहिलं वर्षभर बघितलं. मग काय, शाळा होती, पेपर असायचे.”

मी म्हणालो, सत्तेचाळीस मिनिटं. ती पहिल्यांदा वळली. तेवढं मात्र तिला माहीत नव्हतं, मिनिटांत. तिने ते मनाशी एकदा म्हणून बघितलं, ओठ हललेले मला दिसले. गणिताची बाई आहे. मग म्हणाली की त्या नर्सने मांडीवर घेतलं होतं तिला, शेवटपर्यंत, कोणी घरचं येईल म्हणून खाली ठेवलं नाही. मुलगी एकदा रडली होती. “तू विचारलंस कधी? तू विचारलंस, खाट नंबर किती आणि डिस्चार्ज केव्हा.” यात राग असता तर मला त्याला धरून उभं राहता आलं असतं. ती फक्त क्रम सांगत होती, कोणी, केव्हा, आधी काय, नंतर काय. भांड्यावर झाकण ठेवलं, हात पुसले. मला रडू येईल असं वाटलं आणि आलं नाही; नाकात कांद्याचा वास होता, आणि कांदा तर चिरलेलाही नव्हता. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो. सकाळपासून जपून आणलेली एकच गोष्ट उरली होती, ती मी पुढे केली.

“मग काल माझा नंबर का दिलास?”

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग आठवलं. अरे ते, म्हणाली, आणि डोळ्याबद्दल सांगितलं: डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके यायला लागले होते, म्हणून अर्धी रजा टाकून दाखवायला आली होती. पडद्याला बारीक भोक आहे, पुढच्या गुरुवारी लेझर करणार, दहा मिनिटांचं काम. त्याचा फॉर्म भरायला खिडकीवर पाठवलं. संपर्काचा नंबर लागतो, आणि सगळे नऊ आता तो संगणक घेत नाही.

“ताईचा द्यायचा होता. पण डोळ्यांत थेंब घातलेले, फोनमधलं काही दिसेना. पाठ तुझाच तेवढा आहे.”

गॅस बारीक करून ती म्हणाली, तो बदलायला परत तिकडे यावं लागेल की तुला खालून करता येईल. मी म्हणालो, खालून होत नाही, खिडकीवरच यावं लागतं. चार नंबरची खिडकी एक ते दोन बंद असते.